कण्हणे, गाऱ्हाणे आणि कुरकुर



दुखण्याच्या आवाजांसाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत, याचा आपण कधी विचार केला आहे का? तापाने फणफणलेला माणूस कण्हतो. हाड मोडलेला विव्हळतो. गोणी उचलणारा कुंथतो. ओटीवर बसलेली आजी सुस्कारा टाकते. मोठी माणसे हुंदका गिळतात, मुले भोकाड पसरतात, कुणी उशीत तोंड खुपसून मुसमुसते. तरणाताठा मुलगा गेला की आई हंबरडा फोडते, आणि हा शब्द तर सरळ गोठ्यातला आहे. वासरू दूर नेल्यावर गाय हंबरते, तोच हा आवाज. स्फुंदणे निराळे, ओक्साबोक्शी रडणे निराळे, टाहो फोडणे आणखी निराळे.

हे शब्द पंडितांनी बसून तयार केले असतील असे आम्हांला वाटत नाही. भिंतीपलीकडून आवाज आला की उठून जायचे की नाही, हे ज्यांना रात्रीबेरात्री ठरवावे लागे, त्या घरच्या माणसांचे, विशेषतः बायकांचे हे शब्द असावेत. कण्हणे ऐकू आले तर तांब्या घेऊन जायचे आणि कपाळाला हात लावायचा. विव्हळणे ऐकू आले तर डॉक्टरला बोलवायचे. हंबरडा ऐकू आला तर चुलीवरचे तसेच टाकून अख्ख्या आळीने धावायचे. आवाज ओळखता आला पाहिजे, कारण आवाजाप्रमाणे आपले काम ठरते.

याच्याच शेजारी आवाजांचे दुसरे एक कुटुंब राहते. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कुरबुर, धुसफूस. जरा कान देऊन ऐका, बहुतेक शब्दांत तीच किंवा तसलीच अक्षरे दोनदा येतात. जुन्या खाटेसारखा हा आवाज, कूस बदलली की पुन्हा तोच. लॅटिन भाषेत यालाच 'मुरमुर' म्हणत आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेत 'गोंगिस्मोस'. तिथेही नाद तसाच घोळणारा. कण्हणारा माणूस कधीतरी थांबतो, झोप लागते किंवा गुण येतो. कुरकुरीला मात्र शेवट नसतो, कारण तिला काही मिळवायचे नसते. तिला फक्त चालू राहायचे असते.

आज आम्हांला बोलायचे आहे ते असे, की या दोन कुटुंबांशी आपण नेमके उलटे वागतो. कुरकुरीला आपण चहा पाजतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, नाक्यावर, लग्नाच्या मांडवात, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ती मजेत नांदते. कण्हणाऱ्याला मात्र आपण गप्प करतो. "पुरे आता, देवाचे नाव घे." "एवढे काय झाले आहे?" "शेजारी काय म्हणतील?" आणि सर्वांत धार्मिक दिसणारे, म्हणून सर्वांत जड असे वाक्य, "श्रद्धा असेल तर असे रडतात का?"

पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू.

इस्राएल लोक मिसर देशात गुलामगिरीत होते. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्यांच्या आवाजासाठी चार वेगवेगळे हिब्रू शब्द एकापाठोपाठ येतात. ते उसासे टाकतात, ते ओरडतात, मदतीसाठी त्यांनी फोडलेला टाहो वर जातो, आणि त्यांचे कण्हणे देवाच्या कानी पडते. लगेच पुढे देवासाठी चार क्रियापदे येतात. तो ऐकतो, आठवतो, पाहतो आणि जाणून घेतो. चारांना चार! आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हे लोक देवाला हाक मारत होते असे तिथे लिहिलेले नाही. ते फक्त कण्हत होते. चारशे वर्षांत त्या देवाचे नावही त्यांच्या ओठांवर राहिले होते की नाही, कोण जाणे. तरी तो आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला. आपल्या तारणाचा इतिहास प्रार्थनेच्याही आधी कण्हण्यापासून सुरू होतो.

हेच लोक सुटून वाळवंटात आले, आणि तिथे दुसरे कुटुंब जागे झाले. रोज सकाळी मान्ना मिळत होता, तरी त्यांना मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण आठवू लागले (गणना ११). आपल्याला हसू येते, पण एकच एक जेवण महिनोन्महिने खाऊन बघा! देवाला राग आला तो भुकेचा नाही. भाकर मागितली तेव्हा त्याने भाकर दिली, पाणी मागितले तेव्हा खडकातून पाणी दिले. पण अनुवादच्या पहिल्या अध्यायात आणि १०६व्या स्तोत्रात एक बारीक तपशील आहे. लोकांनी कुरकुर केली ती आपापल्या तंबूंत बसून केली. देवासमोर येऊन त्यांनी सांगितले नाही. तंबूचा पडदा ओढून, एकमेकांच्या कानाला लागून, देव आपला द्वेष करतो असे ते आपसांत म्हणाले. कण्हणे वर जाते. कुरकुर तंबूतल्या तंबूत फिरत राहते आणि तिथली हवा नासवते. मठवासीयांचे गुरू संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या बंधूंसाठी नियम लिहिले. खाण्यापिण्याच्या बाबतीत ते पुष्कळ सौम्य आहेत, पण कुरकुरीविरुद्ध त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले आहे. एकत्र राहणाऱ्या माणसांत काय कुजते, हे त्यांना चांगले माहीत होते.

मग तक्रार करायचीच नाही का? जरूर करायची, पण समोर उभे राहून. मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, गाऱ्हाणे. तळकोकणात गावच्या देवळात गाऱ्हाणे घालतात. एकजण सर्वांच्या वतीने देवाला साकडे घालतो आणि जमलेले लोक एका सुरात त्याला होकार देतात. तिथे गाऱ्हाणे म्हणजे तक्रारही आणि प्रार्थनाही. आपली परंपरा वेगळी, पण हा शब्द आपल्याला उपयोगी पडावा, कारण स्तोत्रसंहितेचा अर्थ त्याने चटकन कळतो. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रे अशा गाऱ्हाण्यांची आहेत. किती वेळ वाट पाहू, तू झोपलास का, तोंड का लपवलेस, असे सवाल भक्त देवाला तोंडावर विचारतो. बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. ८८वे स्तोत्र तेवढेही करत नाही. ते काळोखात सुरू होते आणि काळोखातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. आजही दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत धर्मगुरू आणि व्रतस्थ ते म्हणतात. ज्या दिवशी कुणाला आशेचा शब्द उच्चारता येत नाही, त्या दिवसासाठीही प्रार्थना ठेवलेली आहे.

आता गप्प करणाऱ्यांकडे वळू. पवित्र शास्त्रात ते बरेच आहेत, आणि दुर्दैवाने ते बहुधा देवाच्या जवळचे लोक असतात. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडू लागला, तेव्हा त्याला दटावणारे कोण होते? येशूबरोबर चालणारे (मार्क १०). बार्तीमय शहाणा, तो अधिकच मोठ्याने ओरडला. हन्ना मंदिरात मुलासाठी रडत होती. ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता, तर याजक एलीला वाटले की बाई प्यायली आहे (१ शमुवेल १). आम्हां धर्मगुरूंना टोचावी अशीच ही गोष्ट आहे. ईयोबाचे तीन मित्र आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. ते आठवडाभर चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. पुस्तकाच्या शेवटी देव संतापतो तो या वकिलांवर. देवाला जाब विचारणारा ईयोब मात्र नीट बोलला, असा निवाडा तो स्वतः देतो.

मयताच्या घरी तर हे हमखास घडते. पूर्वीच्या बायका हेल काढून रडत. गेलेल्याचे गुण, त्याच्या सवयी, त्याचे शेवटचे शब्द, सगळे त्या रडण्यात येई, आणि ऐकता ऐकता शेजारीही मोकळे होत. आता ते गावंढळ समजले जाते. काळजावर दगड ठेवून पाहुण्यांना पाणी विचारणाऱ्या विधवेचे कौतुक होते. कुणीतरी संत पौलाचा हवाला देते. पण संत पौलाने थेस्सलनीका येथील भाविकांना शोक करू नका असे सांगितलेलेच नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच ते म्हणतात. आशा असणाऱ्याचा शोक म्हणजेही शोकच. दुसरा हवाला नाईनच्या विधवेचा. प्रभूने तिला रडू नकोस म्हटले, हे खरे (लूक ७). पण पुढच्याच क्षणी त्याने तिरडीला हात लावला आणि तिचा मुलगा उठवून तिच्या स्वाधीन केला. "रडू नकोस" म्हणण्याचा अधिकार ज्याला मुलगा परत देता येतो त्याला आहे. आपल्याला तो देता येत नाही. आपण शेजारी बसावे. क्रूसाच्या वाटेच्या आठव्या स्थानावर येरुशलेमच्या बायका भेटतात, तिथेही प्रभू त्यांना रडणे थांबवायला सांगत नाही. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी आणि आपल्या मुलांसाठी रडा, असे सांगतो.

संत ऑगस्टीन यांचीच गोष्ट घ्या. ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्यांची आई संत मोनिका वारली. नातू आदेओदातुस तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याने मोठ्याने गळा काढला आणि सगळ्या मोठ्या माणसांनी त्याला गप्प केले. आई चांगल्या मरणाने देवाघरी गेली, तिच्या दफनाला रडारड शोभत नाही, असे त्यांना वाटले. ऑगस्टीन स्वतः ३३ व्या वर्षात होते, नुकतेच ख्रिस्ती झालेले, मोठे विद्वान. त्यांनीही डोळे कोरडे ठेवले. स्नानाने दुःख हलके होते असे ऐकले होते म्हणून स्नान करून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी झोपून उठल्यावर अंथरुणातच, एकटे असताना, त्यांनी आसवांना वाट करून दिली. 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या नवव्या भागात हे सारे त्यांनी लिहून ठेवले आहे, आणि वाचकांना विनवले आहे की जी आई माझ्यासाठी इतकी वर्षे रडली तिच्यासाठी मी घटकाभर रडलो, तर मला हसू नका. त्या मुलाने जे पहिल्याच क्षणी केले, तिथे पोहोचायला या महापंडिताला बराच वेळ लागला म्हणायचा!

थोडे तत्त्वज्ञान सांगू, कंटाळू नका. ॲरिस्टॉटलने 'राज्यशास्त्र' या ग्रंथात एक भेद केला आहे. आवाज जनावरांनाही असतो, त्यातून सुखदुःख कळते. वाणी फक्त माणसाला असते, तिच्यातून न्याय आणि अन्याय सांगता येतो. या हिशेबाने कण्हणे म्हणजे नुसता आवाज आणि गाऱ्हाणे म्हणजे वाणी, असे होईल. पण विसाव्या शतकातील तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन यांनी एक वेगळे निरीक्षण मांडले. मूल पडते आणि रडते. मोठी माणसे त्याला आधी उद्गार शिकवतात, मग वाक्ये शिकवतात, आणि "दुखते आहे" हे शब्द रडण्याची जागा घेतात. म्हणजे वाणी आभाळातून पडत नाही, ती रडण्याला फुटलेला कोंब असते. आपल्याकडे पाहा ना. बाळ पडले की आई धावते आणि म्हणते, "बाऊ झाला माझ्या सोन्याला!" मुलाला दुखण्याचा पहिला शब्द मिळतो तो आईच्या जवळ घेण्यासकट मिळतो. तेच मूल मोठे झाले की त्याला सुनावले जाते, "कशाला एवढा बाऊ करतोस?" शब्द तोच राहिला, जवळ घेणे गेले. म्हणून तर ऐंशी वर्षांचा म्हातारा, ज्याची आई जाऊन चाळीस वर्षे झाली, तोही गुडघा दुखला की "आई गं!" म्हणतो. मराठी माणसाचे दुखणे कुणाला तरी हाक मारल्याशिवाय बाहेर पडत नाही. जपमाळेच्या शेवटी राणी म्हणून आपण पवित्र मातेला जी विनवणी करतो, ती सुमारे हजार वर्षांची जुनी प्रार्थना. तिच्या मूळ लॅटिन शब्दांत आपण स्वतःला कण्हणारे आणि रडणारे असेच म्हणवतो. लाज वाटण्याचे तिथे काही कारण दिसत नाही.

आणि आता प्रभू येशूकडे. योहानाचे शुभवर्तमान त्याला 'शब्द' म्हणते, देवाचा शब्द जो देही झाला. हा शब्द देह धारण करून आला आणि माणसांचे सगळे आवाज शिकला. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करताना त्याने आभाळाकडे पाहून उसासा टाकला (मार्क ७). त्याची बोटे आधी त्या माणसाच्या कानांत गेली, जिभेला स्पर्श नंतर झाला. स्नानसंस्काराच्या विधीतही धर्मगुरू आधी बाळाच्या कानांना आणि मग तोंडाला स्पर्श करतात, तो याचीच आठवण म्हणून. लाजरसाच्या बहिणीला रडताना पाहून प्रभू आतून हेलावला. तिथला ग्रीक शब्द घोड्याच्या फुरफुरण्यासाठीही वापरला जाई, एवढा तो दांडगा आहे. मग तो स्वतः रडला. इब्री लोकांना लिहिलेले पत्र सांगते की त्याने मोठ्या आक्रोशाने आणि आसवांनी प्रार्थना केली. क्रूसावर त्याने पित्याला, मला का सोडलेस म्हणून विचारले. ते गाऱ्हाणे होते, आणि तेही स्तोत्रसंहितेतले. त्यानंतर, मार्क सांगतो, त्याने मोठ्याने आरोळी मारली आणि प्राण सोडला. त्या शेवटच्या आरोळीला मार्क शब्द देत नाही. देवाच्या शब्दाने शेवटी नुसता आवाज दिला. जगात जे जे कुणी शब्दांवाचून कण्हत असतील, पक्षाघाताने वाचा गेलेले, नळ्या घातलेले, स्मृती गेलेले, त्यांच्या बाजूला तो जाऊन उभा राहिला.

२७ मार्च २००५ रोजी, ईस्टर रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे संत पेत्राच्या चौकावरील खिडकीत आले, ते पुष्कळांनी टीव्हीवर पाहिले असेल. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द उमटले नाहीत. मग त्यांनी हातानेच क्रूसाची खूण करून आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी, २ एप्रिलला, ते वारले. त्यांनी आयुष्यभर दिलेल्या हजारो प्रवचनांत या न बोललेल्या प्रवचनाला आम्ही फार वरचे स्थान देतो.

संत पौल रोमकरांस लिहितात की सारी सृष्टी कण्हते, आपणही कण्हतो, आणि आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी शब्दांपलीकडचे कण्हणे कण्हतो. सृष्टीच्या कण्हण्याची तुलना ते बाळंतकळांशी करतात. ज्या बायांनी कळा दिल्या आहेत, त्यांना हे आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

याला जोडून एक व्यवहाराची गोष्ट. "दुःख प्रभूला अर्पण करा" असे आपण म्हणतो, ते योग्यच आहे. पण अर्पण ज्याचे त्याने करायचे असते. दुसऱ्याचे दुखणे आपण परस्पर अर्पण करून टाकू नये. कर्करोगाच्या काही रुग्णांना घरचे लोक वेदनाशामक औषध पुरेसे देत नाहीत. सवय लागेल अशी भीती असते, किंवा प्रभूनेही सोसले मग आपणही सोसावे असा विचार असतो. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांसमोर स्पष्ट केले होते की वेदना शमवण्यासाठी अशी औषधे घेणे धर्माला सोडून नाही. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला सुरू झाले. संस्थेच्या नावातच वेदना नसण्याची इच्छा आहे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाचे दुखणे तिथल्यासारख्या ठिकाणी परिचारिका त्याच्या कण्हण्यावरून, श्वासावरून आणि चेहऱ्यावरून ओळखतात आणि डॉक्टरांना सांगतात. कण्हणे दाबले तर त्यांना कळणार कसे? घरात असा रुग्ण असेल तर औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यासाठी पापनिवेदनाला येण्याची गरज नाही!

आणि कुरकुर? तिचेही औषध आहे, थोडे कडू. ज्याच्याविषयी आहे त्याच्याकडे ती न्यायची. चर्चच्या हिशेबाविषयी असेल, गायनमंडळाविषयी असेल, आमच्या लांबलेल्या प्रवचनाविषयी असेल, तर कार्यालयाचे दार उघडे आहे. दारातून आत आली की तिचे गाऱ्हाणे होते, आणि गाऱ्हाण्याला उत्तर देणे आम्हांला भाग आहे. पायऱ्यांवरच्या बोलण्याला उत्तर कोण आणि कसे देणार?

येत्या पहिल्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे आम्ही आजाऱ्यांसाठी ख्रिस्तशरीर घेऊन घरोघरी येऊ. फादर येणार म्हणून आजोबांना आधीपासून "आता कण्हू नका हं" अशी तंबी देऊ नये. त्यांना जे सांगायचे असेल ते सांगू द्यावे, सांगता येत नसेल तर आम्ही थोडा वेळ नुसते बसू. तेवढा वेळ टीव्ही मात्र बंद ठेवावा. आजारी माणसाचा आवाज बारीक असतो.